मोजणाऱ्या बाई आंधळ्या नव्हत्या, त्याबद्दल

चौसाळा,
शनिवार, टँकर येऊन गेल्यावर

तीर्थस्वरूप साडूभाऊ सुंदरराव यांच्या सेवेशी, धाकटा साडू त्रिंबक याचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (डोकं खाली जातं, पण वर आणायला मंजुळेला हाक मारावी लागते, म्हणून हा नमस्कार पत्रातूनच बरा.) इकडं आम्ही सगळे पाणी नसल्याच्या मानानं खुशाल आहोत. तुमची तब्येत, सरस्वतीबाईंचे गुडघे, जावईबापूंचा राग, सगळं आपापल्या जागी असेल अशी आशा आहे. गेवराईला गोदावरी जवळ, म्हणून उन्हाळा काढायला लेकीकडं चाललो, असं तुम्ही इथं सांगून गेलात. नदीत पाणी नसणार हे मला ठाऊक आहे, लोकांनी वाळू तरी ठेवली आहे का ते कळवावं. तुमची काळी म्हैस छावणीत माझ्या म्हशीशेजारीच बांधलेली आहे. पेंड घातली तर खाते, पण माझ्याकडं बघत नाही. मालकाचा गुण जनावरात उतरतो.

पत्र लिहायचं कारण असं की फोन तुम्ही उचलत नाही. उजव्या हातानं उचलत नाही हे मी समजू शकतो, पण तुमचा डावा हात किती चपळ आहे हे सगळ्या छावणीनं पाहिलेलं आहे. (हे वाक्य लागलं असेल तर थोडं थांबा, पुढं जाऊन मी ते गोड करणार आहे.) आणि हो, हे पत्र मी स्वतःच्या हातानं लिहीत आहे, कुणाला सांगून लिहवलेलं नाही. अक्षर म्हशीच्या शेपटासारखं वळलं असेल, पण माझं आहे. माझ्या तब्येतीचं काय ते यावरूनच ओळखा.

तुम्ही मधूनच उठून गेलात, त्यामुळं तुम्हाला ही गोष्ट तुमच्यापुरतीच ठाऊक आहे. मला ती आता सगळी कळली आहे, म्हणून पहिल्यापासून सांगतो. कंटाळा आला तर सरस्वतीबाईंना मोठ्यानं वाचायला लावा. आपल्या दोघांच्याही अंगावरून एकाच साली वारं गेलं आणि दोघांचाही उजवाच हात धरला. मंजुळा म्हणते, या साडवांना एकमेकांचं बघून दुखणंसुद्धा घ्यायची सवय. त्यात दुष्काळ. पोरं आणि सुना ऊसतोडीला, जनावरं चारा छावणीत, आणि जनावरांच्या सोबतीला आपण म्हातारे. दवाखान्यापर्यंत नेणार कोण? तेव्हा रेवती ढाकणे ही व्यायामाची डॉक्टरीण आपण होऊन छावणीवर आली. अंबाजोगाईला शिकलेली, बोलायला लोण्यासारखी मऊ, आणि एकदा नाही म्हणाली की कारखान्याच्या गेटसारखी बंद. तिला बसायला जागा हवी होती. आपण तिला दूध संस्थेची खोली दिली, कारण म्हशी आटल्यापासून त्या खोलीत रिकामे कॅन आणि चेअरमन, व्हाइस चेअरमन यांचे फोटो (म्हणजे मी आणि तुम्ही) याशिवाय काही उरलंच नव्हतं.

तिनं पहिल्याच दिवशी सगळ्या वारं गेलेल्या मंडळींना गोळा करून समजावलं. व्यायामाची एक नवी तऱ्हा निघाली आहे. चांगला हात दिवसातला बराच वेळ पिशवीत बांधून ठेवायचा, म्हणजे दुखऱ्या हाताला झक मारून कामाला लागावं लागतं. आता यानं खरंच फरक पडतो का, का नुसती हूल आहे, हे बघायचं. म्हणून अर्ध्यांना ही नवी तऱ्हा, अर्ध्यांना नेहमीचा व्यायाम, आणि कुणाला काय ते चिठ्ठीवर. चिठ्ठ्याही अशा की बंद पाकिटातून बाहेरगावाहून आलेल्या, आत काय आहे ते तिचं तिलाच माहीत नाही. तुम्हाला आठवत असेल, आपले अर्जुनराव (छावणी त्यांच्याच नावावर आहे, आणि त्यांना वाटतं दुष्काळही त्यांच्याच नावावर आहे) त्यांनी आपल्या मामीला नवा व्यायाम मिळावा म्हणून तिला फोन केला होता. ती म्हणाली, पाकीट सांगेल. साडूभाऊ, या तालुक्यात अर्जुनरावांच्या फोनला एका पाकिटानं नाही म्हटलेलं मी तरी पहिल्यांदाच पाहिलं. त्याच दिवशी मी त्या पोरीला मनातल्या मनात संस्थेची चेअरमन करून टाकलं.

आणि मग आली आपल्या सगळ्यांच्या घाताची वेळ. रेवतीबाई कागदावरून वाचत होती, "हाताची मोजणी करायला नसीम मॅडम येतील. त्यांना आपण आंधळ्या ठेवलेलं आहे, म्हणजे..." एवढं होतंय तोच छावणीच्या भोंग्यातून आवाज आला की टँकर आला. आता तुम्हीच सांगा, टँकर आल्यावर 'म्हणजे' या शब्दाच्या पुढं थांबणारा माणूस आपल्या जिल्ह्यात सापडेल का? बादल्या, हंडे, कळशा घेऊन खोली रिकामी झाली. मी काठी टेकीत गेलतो, तुम्ही माझ्या पुढं होता. रेवतीबाईनं वाक्य पुरं केलं, पण ते ऐकायला रिकामे कॅनच तेवढे उरले होते. आपल्या डोक्यात मात्र पक्कं बसलं की मोजायला येणारी बाई आंधळी आहे.

त्यात नसीम मॅडम जीपमधून उतरल्या त्या तोंडाला रुमाल आणि डोळ्यांवर काळा चष्मा लावून. (उन्हाचा हो. आपल्याकडं उन्हाळ्यात कोंबडीसुद्धा तसा चष्मा मागेल.) छावणीतल्या दगडाबाईच्या डोळ्यांत पाणीच आलं. एवढी तरणी पोर, असं म्हणून तिनं मॅडमचा हात धरला आणि जीपपासून खोलीपर्यंत "बाई, दगड हाय, बाई, शेण हाय, बाई, आता पायरी हाय" असं करत नेलं. तुम्ही खुर्ची पुढं सरकवून तिच्यावर थापा मारल्यात, आवाजावरून कळावं म्हणून. आंधळ्या माणसाशी ओरडून बोलावं असा तुमचा समज, त्यामुळं तुम्ही "मॅडम, बसा!" असं म्हणालात ते पार हायवेवरच्या पंक्चरवाल्याला ऐकू गेलं. मॅडमना वाटलं चौसाळ्याची पाहुणचाराची पद्धतच अशी असेल. जाताना त्यांनी रेवतीबाईला हळूच विचारलं म्हणे, ते मोठे काका ऐकायला कमी आहेत का?

तुमची चिठ्ठी नव्या व्यायामाची निघाली, माझी जुन्याची. तुमच्या हालांची मला आजही कीव येते. डावा हात पिशवीत, उजवा ऐकत नाही, आणि पाठ खाजली की तुम्ही म्हशीच्या खुंट्याला पाठ घासत होता. तंबाखूची तर पंचाईतच झाली. शेवटी आपण तोड काढली, तुमचा उजवा तळहात आणि माझा डावा अंगठा, आणि तंबाखू सहकारी तत्त्वावर मळली जाऊ लागली. इतक्या वर्षांत आपल्या संस्थेत इतका एकोपा कधी झाला नव्हता. (रेवतीबाईला हे कळल्यावर तिनं तेही लिहून घेतलं, की रुग्ण क्रमांक अमुक आणि तमुक एकमेकांच्या हातानं तंबाखू मळतात. मी म्हटलं, ताई, हे लिहायची काय गरज? ती म्हणाली, घडलं ते लिहायचं.)

आता मोजणीचा दिवस. मोजणी म्हणजे एवढीच की टेबलावरचा स्टीलचा पेला दुखऱ्या हातानं उचलून तोंडापर्यंत न्यायचा. कोण कुठल्या गटात ते मॅडमना सांगायचं नाही अशी सक्त ताकीद होती, म्हणून तुमची पिशवी खोलीबाहेरच सोडली. आणि साडूभाऊ, इथं मी तुमची बाजू घेतो. तो दिवसभर बांधलेला डावा हात मोकळा झाला आणि दाव्याचं वासरू सुटावं तसा गेला. तुमचं मन तसं नव्हतं, हाताचं होतं. मॅडम म्हणाल्या, काका, उजव्या हातानं उचला. तुम्ही डाव्यानं ऐटीत पेला उचललात, तोंडाला लावलात, वर मला डोळा मारलात. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "आता उजव्या हातानं, काका." आणि तुम्ही काय म्हणालात? "मॅडम, हा उजवाच हाय की! आवाज आला न्हाई का पेल्याचा?" दगडाबाईनं पदर तोंडात कोंबला. मॅडमनं पुन्हा तेच सांगितलं. मग तुमचा उजवा हात थरथरत पुढं गेला, पेला आडवा झाला, लोळत लोळत कॅनखाली गेला आणि तुम्ही त्या बंद खोलीत म्हणालात, "वारं लई हाय आज."

हसू नका म्हणणार होतो, पण हसा. कारण यानंतरचं तुम्हाला आठवलं की हसू येणार नाही. पुढच्या खेपेला दवाखान्याची जीप टँकर तपासायच्या कामाला धरली होती. आपण सगळे छावणीच्या दारात मॅडमची वाट बघत उभे, दगडाबाई हात धरायला पुढं. आणि हायवेवरून स्कुटी आली. काळा चष्मा, रुमाल, नसीम मॅडम.

"अगं माय माय, आंधळी गाडी चालवीत आली!" दगडाबाई ओरडली.

तुम्ही हळूच म्हणालात, "हायवे सरळ हाय."

पण हायवे संपून छावणीचा रस्ता लागला, तो काही सरळ नाही. मॅडमनं दारात बसलेल्या अर्जुनरावांच्या वळूला वळसा घातला, दोन शेळ्यांना हॉर्न दिला, खड्डा चुकवला, गाडी स्टँडवर लावली, चष्मा काढून पर्समध्ये ठेवला आणि थेट तुमच्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, "काय काका, बरं आहे ना?" साडूभाऊ, तुमचा चेहरा तेव्हा असा झाला की मला माझा हात सोडून तुमचीच काळजी लागली. तंबाखू आणतो म्हणून तुम्ही गेलात ते संध्याकाळच्या एसटीनं गेवराईला पोचलात.

तुम्ही गेल्यावर मी रेवतीबाईला गाठलं. म्हटलं, बाई, ही काय फसवणूक? डोळस बाईला आंधळी म्हणून सांगता? ती आधी गोंधळली, मग हसायला लागली, मग टँकरची गोष्ट कळल्यावर कपाळाला हात लावून खालीच बसली. आंधळी ठेवलेली म्हणजे, कुणाला कुठला व्यायाम मिळाला हे मोजणाऱ्याला कळू द्यायचं नाही, एवढंच. कारण माणूस मोठा बेरकी असतो, स्वतःशीसुद्धा. याला नवा व्यायाम मिळाला आहे हे ठाऊक असलं की पेला अर्धा उचलला तरी त्याला पुरा दिसतो. मला ते असं पटलं म्हणून सांगू! आपल्या संस्थेत फॅट काढणाऱ्याला कॅन कुणाचा ते माहीत असतं, आणि चेअरमनच्या म्हशीचं दूध वर्षानुवर्षं छबुबाईच्या म्हशीपेक्षा घट्ट निघतं. दोन्ही म्हशी एकाच बांधावर चरतात! म्हणून मी परवाच ठराव टाकला आहे की म्हशी पुन्हा दुधावर आल्या की कॅनवर नुसता आकडा, आणि आकडा टाकणारा वेगळा, फॅट काढणारा वेगळा, म्हणजे आंधळा. सगळ्यांनी हात वर केले. (ज्यांचे वर होतात त्यांनी.) छबुबाईनं तर कधी नव्हे ते माझ्या हातावर गूळ ठेवला.

पण या पोरीचं खरं पाणी मला दिसलं ते गेल्या आठवड्यात. अर्जुनरावांनी आधीच फ्लेक्स छापून आणला होता, 'आमच्या छावणीत लकवा हरला!' वर त्यांचा फोटो, पिशवीत हात बांधलेला. ते रेवतीबाईला म्हणाले, "ज्यांचा हात हलला न्हाई त्यांना कशापायी धरता ताई? आन् जे पळून गेले ते तर आपले न्हाईतच. बरे झाले तेवढे मोजा की." मीही मान डोलावली. अहवाल कसा लिहितात हे आपल्याला कुणी शिकवायला नको, दूध घटलं की सभासद वाढल्याचं छापायचं आणि सभासदही घटले की अध्यक्षांचा फोटो मोठा करायचा. तर रेवतीबाई म्हणाली, काय मोजणार ते मी सुरुवातीलाच लिहून सरकारकडं नोंदवलेलं आहे, आता ते मलाही बदलता येत नाही. आणि ज्याची चिठ्ठी ज्या गटात निघाली तो त्याच गटात राहणार, बरा झाला तरी, नाही झाला तरी, निघून गेला तरी.

रामहरी तिथंच बसला होता. तो म्हणाला, चांगलं तेवढं सांगावं माणसानं, वाईट कशाला? (यानं मध्यंतरी गावातून पावसासाठी धोंडी काढली आणि दुसऱ्याच दिवशी चार थेंब पडले, तेव्हापासून तो ढगांचा मामा असल्यासारखा चालतो.) रेवतीबाई त्याला गोडीनं म्हणाली, "रामहरीकाका, तुमच्या धोंडीची बातमी पेपरात आली. पलीकडच्या गावांनीपण काढली होती आणि तिथं थेंबसुद्धा आला नाही. त्यांची बातमी वाचली का तुम्ही?" रामहरी टोपी काढून बघत बसला, आत काही लिहिलंय का म्हणून.

मग ती जे बोलली ते मी जसंच्या तसं देतो, कारण ते तुमच्यासाठीच होतं. ती म्हणाली, जे बरे होतात ते आनंदानं मोजायला येतात. जे होत नाहीत ते लाजून घरी बसतात. मग माझ्या कागदावर सगळे बरेच दिसतात. उद्या तो कागद वाचून कुठला तरी डॉक्टर दुसऱ्या कुठल्या गावच्या म्हाताऱ्याचा चांगला हात महिनोन्महिने पिशवीत बांधेल, आणि कदाचित त्याचा काहीच उपयोग नसेल. त्या म्हाताऱ्याला माझ्याकडून उत्तर कोण देणार?

साडूभाऊ, मला एकदम खुंट्याला पाठ घासणारे तुम्ही दिसलात. अर्जुनरावांनी फ्लेक्स गुंडाळला, तो आता तुमच्या म्हशीवर सावलीला बांधला आहे. नवा व्यायाम जिंकतो की जुना, ते अजून त्या पोरीलाही ठाऊक नाही, आणि ठाऊक नसताना ती ज्या निवांतपणे चहा पिते ना, ते बघायला तरी तुम्ही असायला हवे होता. मी इलेक्शनच्या निकालाच्या आदल्या दिवशी घोटभर पाणी पिऊ शकलेलो नाही. असली पोर आपल्या पडक्या खोलीत बसून काम करते याचा मला इतका अभिमान वाटतो की मी तिथला माझा फोटो काढून खिळा तिला पर्स अडकवायला दिला आहे. तुमचा फोटो तुम्हाला विचारल्याशिवाय काढलेला नाही.

सरस्वतीबाईंच्या गुडघ्यांना एरंडेल चोळावं. थोरल्यांना माझा नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद, आणि जावईबापूंना या दोन्हींतलं तुम्हाला जे ठीक वाटेल ते.

तुमचाच धाकटा,
त्रिंबक

ता. क. खरं काम लिहायचंच राहिलं. शेवटची मोजणी गेल्या मंगळवारी झाली, उरलेल्यांची येत्या मंगळवारी आहे. सगळ्यांची झाली, तुमची तेवढी उरली. सरस्वतीबाईंनी मंजुळेला सांगितलं की तुम्ही म्हणता, माझा हात उचलत नाही, मी गेलो तर पोरीचा निकाल बिघडंल. साडूभाऊ, तुम्ही नाही आलात तरच तो बिघडतो. तुम्ही नाहीच आलात तर तिच्या भाषेत तुमचा हिशेब 'गळती'त जाईल, आणि फुटक्या कॅनला लावायचा शब्द माझ्या साडूला लागलेला मला चालणार नाही. सकाळची एसटी धरा. नाही तर नसीम मॅडम म्हणतात, मीच गेवराईला येते स्कुटीवर. या उन्हात, चौसाळ्याहून गेवराई. तो रस्ताही सरळच आहे म्हणा.

ता. क. दुसरा. त्या पेल्याबद्दल मॅडमना मी तुमच्या वतीनं माफी मागितली. त्या म्हणाल्या, कशाबद्दल? मी उजव्या हाताचं विचारलं होतं, उजव्यानं जे केलं तेच लिहिलं. डावा काय करत होता ते माझ्या कामाचं नव्हतं. म्हणजे बघा, जिथं डोळे झाकायला हवेत तिथंच झाकणारी बाई. बाकी, खुर्चीवर थाप मारून बसायला सांगणारा माणूस त्यांना आजवर भेटला नव्हता, एवढं मात्र त्या घरी जाऊन आईला सांगतात.

ता. क. शेवटचा. पत्र स्वतःच्या हातानं लिहिलं हे खरं आहे, पण डाव्या. उजवा होता तसाच आहे. गेल्या मंगळवारी माझा पेला तुमच्यापेक्षा लांब लोळत गेला, थेट दाराबाहेर, आणि वाऱ्याचं नाव सांगायची सोय नव्हती कारण मॅडम बघत होत्या. त्यांनी 'जमलं नाही' असं लिहिलं आणि उठून मला नमस्कार केला. त्यामुळं तुम्ही हात बरा करून येण्याची वाट कुणी बघत नाही. आहे तसा घेऊन या. तुम्ही गेल्यापासून तंबाखू कुणी मळलेली नाही, अंगठा माझ्याकडं आहे, तुम्ही नुसता तळहात उघडा धरला तरी आपल्या दोघांचं भागेल.